वाचक विचारतात : व्हिक्सबर्ग, नदीचं वळण आणि ४७ दिवस

मागच्या अंकात अमेरिकेतल्या यादवी युद्धावर लेख होता, त्यात व्हिक्सबर्गचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता : ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर १८६३ च्या ४ जुलैला हे शहर पडलं आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आलीत, त्यामुळे यावेळचं अख्खं सदर व्हिक्सबर्गलाच देतेय. सारखे सारखे आलेले प्रश्न एकत्र केलेत, आणि सोयीसाठी फेडरल म्हणजे उत्तरेकडचे, लिंकनच्या बाजूचे, आणि कॉन्फेडरेट म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडचे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं नीट लागेल.

प्रश्न : ताई, साडेचार हजार वस्तीचं गाव ते, त्याला लिंकन युद्धाची किल्ली म्हणाला असं वाचलंय. एवढ्याशा गावात असं काय होतं?

मलाही हे बरीच वर्षं कळलं नव्हतं, कारण मी फक्त वाचत होते, नकाशा उघडत नव्हते. तुम्ही आधी नकाशा उघडा आणि मिसिसिपी नदीवरून बोट वरून खाली आणा. मेम्फिस सोडलं की पूर्वेकडे सगळी सखल दलदल, झाडी, पाणी, कुठे पाय ठेवायला जागा नाही, आणि मग एकदम व्हिक्सबर्गला काठावर उंच टेकाडं उभी राहतात, नदीपासून साधारण ६० मीटर वर. आणि नेमकी तिथेच नदी त्या काळी केसाच्या पिनेसारखी वळत होती, म्हणजे बोट एका बाजूने यायची, वळणावर हळू व्हायची आणि मग टेकाडाच्या अगदी पायथ्याशी येऊन परत दक्षिणेला जायची. वर तोफा ठेवल्या की खालून जाणारी प्रत्येक बोट टप्प्यात. तिथे तीसपेक्षा जास्त जड तोफा होत्या.

हे झालं नदीचं. दुसरं म्हणजे रेल्वे. पूर्वेकडून जॅक्सनहून येणारी लाइन व्हिक्सबर्गला नदीपाशी यायची, आणि पलीकडच्या काठावरून लुईझियानात मनरोपर्यंत दुसरी लाइन जायची. टेक्सासची गुरं, लुईझियानाचं मीठ आणि साखर, शिवाय समुद्रावर नाकेबंदी असल्यामुळे मेक्सिकोमार्गे आत येणारा माल, हे सगळं पूर्वेकडच्या कॉन्फेडरेट सैन्यापर्यंत पोचवायचं तर नदी ओलांडायला जागा हवी. १८६२ च्या एप्रिलअखेर न्यू ऑर्लिन्स गेलं, जूनमध्ये मेम्फिस गेलं, आणि मग कॉन्फेडरेटांच्या हातात उरला तो व्हिक्सबर्गपासून खाली पोर्ट हडसनपर्यंतचा नदीचा पट्टा. रेड नदी मिसिसिपीला मिळते ती याच पट्ट्यात, आणि पश्चिमेकडचं धान्य आणि गुरं तिथूनही यायची. म्हणून तो पट्टा सोडून चालणार नव्हतं.

आणि उत्तरेकडून बघाल तर इलिनॉय, आयोवा, इंडियाना इथल्या शेतकऱ्यांचा माल पिढ्यान् पिढ्या याच नदीने समुद्राला जात होता, तो रस्ताच बंद. त्यांच्यासाठी ही नदी उघडणं म्हणजे घरचा प्रश्न होता, म्हणून व्हिक्सबर्गसमोर जे सैनिक मेले त्यात या राज्यांतली मुलं इतकी दिसतात.

किल्लीचं ते वाक्य डेव्हिड पोर्टर या नौदल अधिकाऱ्याने नंतर आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, लिंकन नकाशाकडे बोट दाखवत म्हणाला की व्हिक्सबर्ग ही किल्ली आहे, आणि ती आपल्या खिशात येत नाही तोवर युद्ध संपायचं नाही. आठवणी वीसेक वर्षांनी लिहिल्या जातात, त्यामुळे शब्दन् शब्द तसाच असेल असं मी म्हणणार नाही, पण भूगोल बघितला की वाक्य पटतं.

प्रश्न : मग रात्रीच्या अंधारात बोटी सरळ खाली का नाही नेल्या?

नेल्या! १८६३ च्या १६ एप्रिलच्या रात्री पोर्टरने नेल्या. बोटींच्या कडेला कापसाचे गठ्ठे आणि गवताचे भारे रचले, इंजिनाच्या वाफेचा आवाज दबावा अशी सोय केली, दिवे झाकले आणि प्रवाहाबरोबर खाली सोडल्या. पण कॉन्फेडरेट पहारेकऱ्यांना सुगावा लागला, त्यांनी काठावर डांबराची पिंपं पेटवली, पलीकडच्या काठावरची घरं पेटवली आणि नदी दिवसासारखी उजळली. ग्रँट, म्हणजे व्हिक्सबर्ग घ्यायला आलेल्या फेडरल सैन्याचा सेनापती, ते सगळं थोड्या अंतरावरून एका बोटीवरून बघत होता, सोबत बायको आणि मुलं होती. मुलांनी तोफांच्या मुखातली आग बघितली. इतका मारा होऊनही एकच वाहतुकीची बोट बुडाली, बाकी सगळ्या पार झाल्या.

पण यात एक मेख आहे जी बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. खाली जाणं सोपं, वर येणं कठीण. त्या चिलखती बोटी जड, प्रवाहाविरुद्ध त्या इतक्या हळू चालल्या असत्या की वरच्या तोफांनी निवांत नेम धरून त्या बुडवल्या असत्या. पोर्टरने ग्रँटला आधीच सांगितलं होतं की एकदा खाली गेलो की परत वर येता येणार नाही. म्हणजे त्या रात्री दोर कापले गेले. आणि दुसरं, नुसतं तोफांसमोरून निसटलं म्हणजे नदी उघडली असं होत नाही, व्यापाराच्या लाकडी बोटी रोज असा मार खात जाणार का? शहर घेतल्याशिवाय उपाय नव्हता.

प्रश्न : वळणाच्या गळ्यातून कालवा खणून शहराला वळसा घालायचा प्रयत्न झाला होता असं वाचलं. तो का फसला?

दोनदा झाला, दोनदा फसला. पण पहिल्या वेळी जे झालं ते मला फार लागतं म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

१८६२ च्या उन्हाळ्यात जनरल थॉमस विल्यम्सच्या हाताखाली साधारण तीन हजार सैनिक वळणाच्या अरुंद पट्टीवर खणायला लागले. उन्हाचा तडाखा, मलेरिया, आमांश, माणसं पटापट पडायला लागली. मग आजूबाजूच्या मळ्यांवरून हजाराहून जास्त गुलाम आणले आणि त्यांना सांगितलं की काम करा, तुम्हाला स्वातंत्र्य मिळेल. त्या माणसांनी जीव तोडून काम केलं. नदीचं पाणी मात्र खणण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उतरत गेलं, जुलैच्या शेवटी बोटी आणि सैन्य निघून गेले, आणि या माणसांपैकी बहुतेकांना काठावरच सोडलं. ती काठावर उभी राहून जाणाऱ्या बोटींकडे बघत राहिली आणि मागून त्यांचे मालक येणार हे त्यांना माहीत होतं. युद्ध गुलामगिरीवरून चाललेलं, आणि ज्यांच्यासाठी ते असं आपण म्हणतो त्यांच्याशीच असं वागले, हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा १८६३ च्या जानेवारीत ग्रँटच्या माणसांनी तोच कालवा रुंद करायला घेतला, यंत्रंही आणली. मार्चमध्ये नदीला पूर आला, बांध फुटला, सगळं पाण्याखाली. शिवाय कालवा जिथे बाहेर पडणार होता तिथेच समोर कॉन्फेडरेटांनी तोफा लावून ठेवल्या होत्या. ग्रँटने नंतर लिहिलंय की या प्रयोगांवर त्याचा स्वतःचा फारसा भरवसा नव्हताच.

आणि पुढे काय झालं बघा, १८७६ च्या एप्रिलमध्ये नदीने आपणहून तो गळा कापला आणि वेगळ्या वाटेने गेली, व्हिक्सबर्गचा धक्का कोरडा पडला. मग १९०३ मध्ये याझू नदीचं पाणी कालव्याने वळवून शहरासमोर आणलं. आज तुम्ही व्हिक्सबर्गच्या धक्क्यावर उभे राहाल तर समोरचं पाणी मिसिसिपीचं मुख्य पात्र नाही, याझूचा तो कालवा आहे.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. ग्रँटची ही मोहीम लष्करी शाळांत अजून शिकवतात असं सरांनी सांगितलं. तिच्यात नेमकं विशेष काय?

थोडक्यात सांगायचं तर तो व्हिक्सबर्गकडे जायच्या आधी व्हिक्सबर्गच्या पाठीकडे गेला.

३० एप्रिलला त्याचं सैन्य ब्रुइन्सबर्ग नावाच्या ठिकाणी नदी ओलांडून पूर्व काठावर उतरलं. ही जागा त्याला कोणी सांगितली? एका काळ्या माणसाने. ग्रँटने स्वतः लिहिलंय की त्याने सांगितलं, इथे उतरायला चांगली जागा आहे आणि इथून आत पोर्ट गिब्सनला चांगला रस्ता जातो. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हजारो सैनिक त्याच्या शब्दावर उतरले.

मग १ मेला पोर्ट गिब्सन, १२ ला रेमंड, १४ ला जॅक्सन, १६ ला चॅम्पियन हिल, १७ ला बिग ब्लॅक नदीचा पूल, म्हणजे सतरा दिवसांत पाच लढाया आणि पाचही जिंकल्या. सरळ व्हिक्सबर्गवर न जाता आधी जॅक्सनला गेला कारण तिथे जनरल जोसेफ जॉन्स्टन मदतीचं सैन्य जमवत होता आणि तिथूनच रेल्वे येत होती. रेल्वे उखडली, जॉन्स्टनला हाकललं, आणि मग वळून पेंबर्टनवर आला, जो व्हिक्सबर्गचा सेनापती. पेंबर्टनची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होती, कॉन्फेडरेट राजधानी रिचमंडहून त्यांचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिस सांगतोय काहीही झालं तरी शहर सोडू नको, आणि त्याचा थेट वरिष्ठ जॉन्स्टन सांगतोय शहर जाऊ दे, सैन्य वाचव आणि मला येऊन मिळ. तो धड इकडचा झाला नाही धड तिकडचा.

त्यातच ग्रियर्सन नावाचा एक कर्नल, जो आधी संगीतशिक्षक होता, १७०० घोडेस्वार घेऊन टेनेसीतून निघाला तो अख्खं मिसिसिपी राज्य उभं चिरत, रेल्वे आणि तारा तोडत, लुईझियानात बॅटन रूजला जाऊन पोचला. पेंबर्टनची फौज त्याच्या मागे पळत राहिली आणि ग्रँट तिकडे नदी ओलांडून मोकळा.

पण हे सगळं वाचून ग्रँटचं काही चुकलंच नाही असं समजू नका. १९ मे आणि २२ मेला त्याने शहरावर समोरून हल्ले केले आणि दोन्ही वेळा सपाटून मार खाल्ला, २२ तारखेला एका दिवसात ३२०० च्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. जखमी दोन्ही बाजूंच्या मधे उन्हात पडून होते, पाणी मागत. ते २५ मेपर्यंत तसेच, मग वास असह्य झाला तेव्हा कुठे अडीच तासांचा तह झाला आणि मेलेल्यांना पुरलं. ग्रँटने तो तह आधी मागायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अडीच तासांत दोन्हीकडचे सैनिक मधल्या जागेत येऊन गप्पा मारत उभे होते, कोणी आपल्या भावाची चौकशी करत होतं, आणि वेळ संपल्यावर परत आपापल्या खंदकात जाऊन एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले.

त्यानंतर मात्र त्याने हल्ल्याचा नाद सोडला. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते धोरण धरलं, रसद तोडली, खंदक खणत खणत पुढे सरकत राहिला, शेवटी शेवटी वेढ्यात त्याची ७०,००० हून जास्त माणसं होती. जमिनीखालून बोगदा काढून २५ जूनला हजार किलो बंदुकीची दारू एका बुरुजाखाली उडवली, मोठं भगदाड पडलं पण आत घुसता आलं नाही.

प्रश्न : लोक गुहांमध्ये राहत होते म्हणे? बायका, लहान मुलं सगळी? ते कसे जगले याबद्दल कृपया लिहा, लढायांबद्दल सगळेच लिहितात.

हे पत्र वाचून बरं वाटलं, कारण मला स्वतःला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिलं एक सांगायला हवं. या शहराला युद्ध नको होतं. १८६० च्या निवडणुकीत इथल्या मतदारांनी जॉन बेलला मतं दिली, जो देश एकत्र ठेवा म्हणणारा उमेदवार होता, आणि फुटून निघायचं का हे ठरवायला जी सभा भरली तिला या भागातून घाई करू नका म्हणणारे प्रतिनिधी गेले. व्यापारी शहर, नदीवर पोट, उत्तरेशी रोजचे व्यवहार. १८६१ च्या ९ जानेवारीला मिसिसिपी फुटून निघालं तेव्हा हेही ओढले गेले, आणि मग बरेच जण त्या लाटेत मनापासून सामीलही झाले, तेही खरं.

आता गुहा. तिथली माती लोएस, म्हणजे वाऱ्याने हजारो वर्षं वाहून आणून रचलेली पिवळसर बारीक माती. तिची खासियत अशी की फावड्याने कापता येते इतकी मऊ, पण सरळ उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते, ढासळत नाही. म्हणून टेकडीच्या पोटात दोन दिवसांत खोली खणता यायची. अशा पाचशेच्या आसपास गुहा झाल्या. खणणारे हात बहुतेक गुलामांचे होते, तेवढं विसरू नका. फेडरल सैनिक शहराला प्रेअरी डॉगचं गाव म्हणायला लागले, तो बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी असतो.

आत लोकांनी सतरंज्या अंथरल्या, पलंग आणले, मातीच्या भिंतीत कोनाडे कोरून दिवे ठेवले. मेरी लॉबरो नावाची एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे राहिली आणि १८६४ मध्ये तिने त्यावर पुस्तकच लिहिलं. या लोकांच्या डायऱ्या वाचताना एक गोष्ट सारखी येते, ती म्हणजे आवाजाची ओळख. नदीवर तराफ्यांवर तेरा इंची उखळी तोफा होत्या, त्यांचा एकेक गोळा नव्वद किलोच्या वर, तो वर वर जायचा आणि मग खाली यायचा, रात्री त्याची पेटलेली वात आकाशात ताऱ्यासारखी सरकताना दिसायची. मुलांनासुद्धा कळायचं की हा पलीकडे पडणार, हा आपल्याकडे येतोय. तोफा चालवणारे जेवायला बसले की मारा थांबायचा, तेवढ्यात बायका बाहेर येऊन चूल पेटवायच्या, पाणी आणायच्या, शेजारच्या गुहेतलं कोण जिवंत आहे ते बघायच्या.

खायचं काय? पीठ संपत आलं तेव्हा चवळी दळून तिची भाकरी करायचा प्रयत्न झाला. ती काही केल्या भाजली जायची नाही, जितकी आचेवर ठेवावी तितकी वरून कडक आणि आत कच्चीच, आणि ती खाऊन सैनिक आजारी पडायचे. मग खेचराचं मांस आलं. उंदीर खाल्ल्याच्या नोंदीही आहेत. हौदांतलं पाणी आटत चाललं म्हणून हौदांवर पहारे बसले.

आणि या सगळ्यात गावचं वर्तमानपत्र निघत होतं! डेली सिटिझन नाव. कागद संपला तर त्यांनी भिंतीला लावायच्या फुलाफुलांच्या वॉलपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापायला सुरुवात केली. २ जुलैच्या अंकात ग्रँटला टोमणा मारलाय की म्हणे त्याला ४ जुलैला व्हिक्सबर्गमध्ये जेवायचंय, पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. दोन दिवसांनी शहर पडलं, फेडरल सैनिक छापखान्यात शिरले, तो मजकूर जुळवलेला तसाच पडला होता, त्यांनी खाली ४ जुलैची एक टीप जोडली की ग्रँटने ससा पकडलाय, आणि हा वॉलपेपरवरचा शेवटचा अंक. मग छापला. (त्याच्या नकला नंतर ढिगाने निघाल्या, त्यामुळे कोणी खरा म्हणून विकत असेल तर सांभाळून.)

प्रश्न : पेंबर्टन मूळचा उत्तरेकडचा होता ना? मग त्याने मुद्दाम शहर दिलं असं म्हणतात ते खरं का? आणि नेमकी ४ जुलै कशी निवडली?

खरं नाही, आणि त्या माणसावर हा अन्याय आहे असं मला वाटतं. तो फिलाडेल्फियाचा, बायको व्हर्जिनियाची, आणि त्याचे दोन धाकटे भाऊ फेडरल बाजूने होते. त्यामुळे शहर पडल्यावर गद्दार म्हणणं लोकांना सोपं गेलं. सेनापती म्हणून तो मैदानात कमी पडला, चॅम्पियन हिलला तर स्पष्टच, पण फितुरी वेगळी आणि चूक वेगळी.

२८ जूनला त्याला सैनिकांकडून एक निनावी पत्र मिळालं, खाली सही फक्त 'बरेच सैनिक' अशी. त्यात सरळ लिहिलं होतं की आम्हाला खायला घालता येत नसेल तर शरण जा. जॉन्स्टनची मदत येईल येईल म्हणून ४७ दिवस वाट बघितली, ती आली नाही. ३ जुलैला दोन्ही रांगांच्या मधे एका ओकच्या झाडाखाली तो आणि ग्रँट भेटले. ग्रँटने लिहिलंय की ते झाड पुढे काही दिवसांत मुळासकट नाहीसं झालं, लोकांनी आठवण म्हणून ढलप्या काढून नेल्या.

तारखेबद्दल पेंबर्टनने स्वतः खुलासा केला की ४ जुलै हा उत्तरेकडच्यांचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी शहर मिळतंय म्हटल्यावर ते जास्त सवलती देतील असा त्याचा हिशेब होता. तसं झालंही. ग्रँटने आधी विनाशर्त शरणागती मागितली होती, पण शेवटी २९,४९५ माणसांना पॅरोलवर सोडलं, म्हणजे रीतसर अदलाबदल होईपर्यंत पुन्हा हत्यार उचलणार नाही असं लिहून घेऊन घरी पाठवलं. यात दया होती तसा व्यवहारही होता, एवढ्या लोकांना कैदी म्हणून वर न्यायचं तर सगळ्या बोटी त्यातच अडकल्या असत्या. १७२ तोफा हाती लागल्या.

त्या सकाळी उत्तरेचे सैनिक आत शिरले तेव्हा ग्रँटने आपल्या डोळ्यांनी बघितलं की त्याची माणसं झोळीतून पाव काढून कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडत होती त्यांना देतायत.

आणि पेंबर्टन? त्याला कोणी मोठं काम देईना, तेव्हा १८६४ मध्ये त्याने जनरलची पदवी सोडली आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून तोफखान्यात खालच्या हुद्द्यावर शेवटपर्यंत नोकरी केली. फितूर माणूस असं करत नाही.

प्रश्न : गेटिसबर्ग मोठं की व्हिक्सबर्ग?

गेटिसबर्गची लढाई ३ जुलैला संपली आणि दुसऱ्याच दिवशी व्हिक्सबर्ग पडलं, म्हणून ही तुलना कायम होते. गेटिसबर्गला कॉन्फेडरेट सेनापती ली हरला पण सैन्य घेऊन परत गेला. व्हिक्सबर्गला अख्खं सैन्यच गेलं, आणि ९ जुलैला खाली पोर्ट हडसनही पडल्यावर नदी पूर्ण उघडली, टेक्सास, आर्कन्सा आणि लुईझियानाचा मोठा भाग बाकीच्या दक्षिणेपासून तुटला. लिंकनने ऑगस्टमध्ये एका पत्रात लिहिलं की नद्यांचा पिता आता पुन्हा बिनअडथळा समुद्राला जातोय. माझं मत व्हिक्सबर्गकडे आहे.

प्रश्न : त्या भागात गुलाम एवढ्या मोठ्या संख्येने होते, तर वेढ्याच्या काळात आणि नंतर त्यांचं काय झालं? लेखात एक शब्द नव्हता.

बरोबर आहे तुमचं, असायला हवा होता.

शहराच्या बाजूचे खंदक आणि बुरूज त्यांच्याकडून खणून घेतले होते. पलीकडे फेडरल छावण्यांकडे हजारो जण मळे सोडून पळून येत होते, आणि त्यातल्या तरुणांची नुकतीच पलटणीत भरती सुरू झाली होती. १८६३ च्या ७ जूनला मिलिकेन्स बेंड इथे, व्हिक्सबर्गच्या वरच्या बाजूला पश्चिम काठावर, कॉन्फेडरेटांनी पहाटे हल्ला केला. समोर होते हेच नवे काळे सैनिक, बंदुका हातात येऊन फार तर काही आठवडे झालेले, नीट नेमबाजीचं शिक्षणही नाही. ते संगिनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी अंगावर येऊन लढले, प्रचंड माणसं गमावली, पण गनबोटी येईपर्यंत काठ सोडला नाही. युद्धखात्याचा चार्ल्स डेना तेव्हा ग्रँटच्या छावणीत होता, त्याने कळवलं की काळ्यांच्या पलटणींबद्दल सैन्यातलं मत या लढाईनंतर पार बदललं.

नंतरचं एकच उदाहरण देते. व्हिक्सबर्गच्या खाली डेव्हिस बेंडला कॉन्फेडरेट राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि त्याचा मोठा भाऊ जोसेफ यांचे मळे होते. तिथे मुक्त झालेल्या लोकांनी स्वतः शेती केली, आणि १८६६ मध्ये बेंजामिन माँटगोमेरी या माणसाने, जो आधी जोसेफ डेव्हिसचा गुलाम होता, तेच मळे तीन लाख डॉलरला हप्त्यांनी विकत घेतले. पुढे कापसाचे भाव पडले, पूर आले आणि ते टिकलं नाही.

४ जुलैबद्दलही तिघांनी विचारलंय, व्हिक्सबर्ग तो दिवस दुसऱ्या महायुद्धापर्यंत साजरा करत नव्हतं का म्हणून. गोऱ्या लोकांनी बराच काळ त्या दिवसाकडे पाठ फिरवली हे खरं. पण 'शहराने साजरा केला नाही' असं म्हटलं की काळे लोक शहरात धरलेच नाहीत असं होतं, कारण त्यांच्यासाठी तो सुटकेचा दिवस होता आणि ते तो साजरा करत होते.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकते, सुट्टीत व्हिक्सबर्गला जायचा विचार आहे. काय बघावं?

जरूर जा. १८९९ पासून तिथे राष्ट्रीय लष्करी उद्यान आहे, गाडीने फिरता येतं. शर्ली हाऊस नावाचं पांढरं घर बघा, युद्धाच्या वेळचं उद्यानात तेवढंच उरलंय, ते कुटुंब उत्तरेच्या बाजूचं होतं आणि त्यांचंच घर दोन्ही रांगांच्या मधे सापडलं. केरो नावाची चिलखती बोट १८६२ च्या डिसेंबरमध्ये याझू नदीत सुरुंग लागून बारा मिनिटांत बुडाली होती, एकही माणूस न जाता, ती शंभर वर्षांनी चिखलातून काढून ठेवलीय, आणि बाजूच्या संग्रहालयात खलाशांचे बूट, औषधाच्या बाटल्या असं रोजचं सामान आहे, तिथे वेळ काढा.

इलिनॉयच्या स्मारकाला ४७ पायऱ्या आहेत, वेढ्याच्या प्रत्येक दिवसाची एक. आत भिंतींवर ३६,००० हून जास्त सैनिकांची नावं आहेत, त्यात ९५ व्या इलिनॉय पलटणीत अल्बर्ट कॅशियर हे नाव शोधा. तो जन्माने मुलगी होता, पुरुष म्हणून भरती झाला, पूर्ण मुदत लढला आणि पुढेही आयुष्यभर तसाच राहिला, म्हातारपणी हे बाहेर आलं तेव्हा जुने सोबती त्याच्या बाजूने उभे राहिले.

मिझुरीचं स्मारक चुकवू नका. मिझुरीच्या ४२ तुकड्या इथे लढल्या, २७ उत्तरेकडून आणि १५ दक्षिणेकडून, आणि स्मारक उभं आहे ते नेमकं तिथे जिथे मिझुरीच्याच दोन पलटणी एकमेकांवर चालून आल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी एकच दगड आहे.

शेवटी दफनभूमीत जा. सतरा हजारांच्या आसपास फेडरल सैनिक, त्यातले साधारण तेरा हजार अनोळखी. ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना उभे गोलसर दगड, आणि अनोळखींना जमिनीलगत छोटे चौकोनी ठोकळे, वर फक्त आकडा. काळ्या पलटणींतले सैनिकही इथेच आहेत. कॉन्फेडरेट मात्र इथे जवळजवळ नाहीतच, ते गावातल्या सीडर हिल दफनभूमीत आहेत, तीही जवळच आहे. मुलीला सांगा जुलैत जाऊ नका, तिथलं ऊन आणि दमटपणा फार त्रास देतो, मार्च किंवा ऑक्टोबर बरा.